कापायचं नाही!

पाऊस आला की माणसं डोकं झाकतात. हा माणूस पोट झाकत होता.

रविवारचा बाजार अगदी भरात होता. सिटी मार्केटजवळच्या रस्त्यावर दर रविवारी जुन्या वस्तूंच्या पथाऱ्या लागतात. बंद पडलेले फोन, एकाच पायाचे बूट, कुणाच्या तरी लग्नातले तांबे… काय हवं ते घ्या! मी घासाघीस करून एक जुना माईक स्टँड नुकताच पटकावला होता आणि तेवढ्यात आभाळ कोसळलं. ऑक्टोबरातल्या बेंगळुरूचा काही भरवसा नसतो. मी दिसेल त्या निळ्या ताडपत्रीखाली घुसले, तर तिथे आधीच एक उंच, शिडशिडीत मुलगा उभा. केसांतून पाणी गळतंय, चष्म्यावर वाफ जमलेली, आणि दोन्ही हातांनी शर्ट पोटाशी इतका गच्च धरलेला की मला वाटलं, बिचाऱ्याच्या पोटात कळ आली असणार.

"मॅडम, आपके पास कोई प्लास्टिक है क्या?" त्याने विचारलं. आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःशीच पुटपुटला, "भिजली तर संपलंच सगळं…"

"काय भिजली तर?" मी मराठीत विचारलं.

तो असा चमकला की चष्मा नाकावरून घसरला. "तुम्ही… मराठी?"

"का? इथे बंदी आहे की काय मराठीला?"

"नाही, म्हणजे — मघाशी त्या स्टँडवाल्याशी कन्नडमध्ये एवढ्या भांडत होतात, म्हणून —"

अच्छा! म्हणजे हा माणूस मघापासून माझ्याकडे बघत होता तर. मी ते मनातल्या मनात नीट ठेवून दिलं.

"आमचे लोक तीन-साडेतीनशे वर्षं इथेच आहेत. आता घर चामराजपेटेत. घरात मराठी, दारात कन्नड. आणि तुम्ही?"

"मी… अडीच वर्षं. मारतहळ्ळी. आयटी." त्याने हे इतक्या अपराधी चेहऱ्याने सांगितलं की मला हसू फुटलं. "अभिराज. मूळचा चिंचवडचा."

"मी सुप्रीता. आता सांगा की, पोटात काय लपवलंय?"

त्याने इकडे-तिकडे बघितलं. मग शर्टाचं एकच बटण उघडून, अगदी जपून, एक छोटी रेकॉर्ड बाहेर काढली. नाश्त्याच्या ताटलीएवढी. तिचं कव्हर म्हणजे एक मळकी झेरॉक्स होती. त्यावर वर्तमानपत्रातून कापलेली अक्षरं वेडीवाकडी चिकटवलेली. नाव वाचता येत नव्हतं, कारण नेमकं तिथेच कधीतरी कुणीतरी चहाचा कप ठेवला होता.

"पंक आहे," तो म्हणाला आणि त्याचे डोळे एकदम लखलखले. "सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरमधलं. इंग्लंडमधल्या कुठल्या तरी गावातली चार पोरं. एक रेकॉर्ड काढली आणि गायब! आणि ती इथे, या चिखलात, एका इस्त्रीखाली पडलेली! इमॅजिन करा!"

"किती गाणी आहेत?"

"दोन. या बाजूचं एक मिनिट चाळीस सेकंदांचं."

"आणि तेवढ्यासाठी न्यूमोनिया पत्करलात?"

"ते एक मिनिट चाळीस सेकंद ऐका, मग तुम्ही पण पत्कराल," तो म्हणाला. अगदी गंभीरपणे. ओल्या पापण्यांसकट.

आमच्या अप्पांचं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं दुकान आहे. त्यामुळे माझ्या पिशवीत कपड्यांची प्लास्टिकची कव्हरं नेहमी असतात. मी एक काढून त्याला दिलं. त्याने रेकॉर्ड त्यात सरकवली, वरून दुमडली, आणि मग कुठे त्याला आठवलं की आपण स्वतः भिजलोय.

"आता घरी जाऊन ऐका निवांत," मी म्हटलं.

"घरी प्लेअर नाहीये."

"काय?"

"आधी रेकॉर्ड्स जमवतोय. प्लेअर नंतर घेणार."

"अय्यो! तुमचं लग्न पण असंच होणार. आधी वरात काढाल, मग मुलगी शोधाल."

त्याचे कान लाल झाले. खरंच लाल! आणि ते लाल कान बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या घरी आहे प्लेअर. अप्पांचा. पुढच्या रविवारी या…"

पाऊस कधीच थांबला होता. आम्ही दोघं मात्र ताडपत्रीखालीच उभे होतो. शेवटी पथारीवाल्यानेच विचारलं, काही घेणार आहात का?

*

तो आला. वेळेच्या आधी आला, हातात मिठाईचा पुडा घेऊन आला आणि चपला उंबऱ्याच्या नेमक्या बाहेर काढून आला. आईला तिथेच पसंत पडला. अप्पांचं तसं नसतं.

"बसा. सुम्ने उभे का?" अप्पा म्हणाले. अभिराजने माझ्याकडे बघितलं.

"सुम्ने म्हणजे उगाच," मी हळूच सांगितलं.

अप्पांनी प्लेअरवरचं भरतकामाचं कापड काढलं, रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली. एक जडावलेला, लांबलचक, दुःखी आवाज खोलीत पसरला.

"आवाज बरा आहे," अप्पा म्हणाले. "स्वल्प झोप आलेली वाटते."

"काका… वेग," अभिराज अवघडून म्हणाला. "ही पंचेचाळीसवर लावायची."

अप्पांनी खटका फिरवला आणि सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवली.

कुणीतरी ओरडून चार आकडे मोजले आणि गाणं सुरू झालं नाही, अंगावर आलं! गिटार खरखरत होती, ड्रमवाला सगळ्यांच्या पुढे पळत होता, गाणाऱ्याला दुसऱ्या कडव्यात दम लागला. त्याने एक शब्द सोडून दिला आणि तसाच पुढे धावला. माझा पाय आपोआप फरशीवर आपटायला लागला. मग सगळे एकदम थांबले, मागे कुठेतरी पत्र्याचा डबा पडला — खण्ण! — आणि कुणीतरी खो-खो हसलं. संपलं.

अप्पांचा कॉफीचा पेला ओठांपर्यंत पोचायचाच होता. "झालं? एवढंच?"

"एवढंच, काका," अभिराज म्हणाला. "सांगायचं ते सांगून झालं."

मला ते लगेच पुन्हा ऐकायचं होतं. पण मी ते कशाला कबूल करीन? माझं काम आवाज साफ करण्याचं आहे. लोक पुस्तकं वाचून पाठवतात, कंपन्या ट्रेनिंगचे व्हिडिओ पाठवतात, आणि मी गच्चीवरच्या खोलीत बसून त्यातले खोकले, श्वास, अडखळणं, खिडकीबाहेरचे हॉर्न, सगळं कापून टाकते. माझ्या हाताखालून गेलेला माणूस कधी अडखळत नाही, अशी माझी ख्याती आहे.

"गिटार सुरात नाही," मी तोऱ्यात म्हटलं. "ड्रमवाला पळतोय. आणि तो डबा तर मी दोन मिनिटांत काढून देईन."

अभिराजने पटकन रेकॉर्ड उचलून छातीशी धरली. "तो डबा काढलात तर उरलं काय?"

"गाणं!"

"नाही हो… त्या डब्यामुळे तर कळतं. एका दुपारी, एका खोलीत, चार पोरं होती. पैसे नव्हते, वेळ नव्हता, नीट वाजवता पण येत नव्हतं. पण सांगायची घाई एवढी, की थांबून चूक सुधारायलासुद्धा तयार नाहीत! पन्नास वर्षं होत आली आणि तो हसणारा मुलगा अजून त्या खोलीत हसतोय."

मी कॉफीचे पेले उचलून आत गेले आणि स्वयंपाकघरात उगाचच पुन्हा विसळत बसले. सुम्ने.

जाताना तो दारात घुटमळला. "रेकॉर्ड इथेच राहू दे का? म्हणजे… प्लेअर इथे आहे, म्हणून."

"म्हणून?" मी विचारलं.

"हो… म्हणूनच," तो म्हणाला. आणि कान पुन्हा लाल.

*

मग काय, दर रविवार त्याचा झाला. दर वेळी एक नवी छोटी रेकॉर्ड. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आम्हालाही कळलं नाही. तो माझ्याकडून 'सरी' म्हणायला शिकला. ठीक आहे म्हणायचं असलं की सरी, पटलं की सरी, फोन ठेवताना सरी-सरी. मी त्याच्याकडून गिटारवरच्या तीन कॉर्ड शिकले.

"चौथी?" मी विचारलं.

"चौथीची गरज नाही. तीनात सगळं होतं."

"आळशी आहात तुम्ही लोक."

"आळशी नाही, घाईत," तो म्हणाला आणि माझं चुकलेलं बोट तारेवर नीट ठेवलं. बोट केव्हाच नीट बसलं होतं… त्याने हात मात्र जरा उशिराच काढला.

त्याचा स्वतःचा बँड होता. नाव 'नो यू-टर्न'. रम्या ड्रम वाजवायची, जयतीर्थ बेस, आणि अभिराज गिटार वाजवत ओरडायचा. हो, ओरडायचाच. तिघांचं एकच स्वप्न होतं, स्वतःची एक छोटी रेकॉर्ड काढायची. चार गाणी, दोन्ही बाजू मिळून सात मिनिटं. चेन्नईजवळच्या एका छोट्या कारखान्यात तारीख मिळाली होती. आणि रम्या पुढच्या महिन्यात शिकायला जर्मनीला चालली होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

"रेकॉर्डिंग तू करशील?" त्याने विचारलं. "दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाहीये मला."

दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाहीये… मी तरंगतच गच्चीवर गेले. ठरवलं, असं काम करायचं की तो बघतच राहील.

आणि तिथेच मी घोळ घातला. मी मला येतं तसं काम केलं! एकेकाला वेगवेगळ्या दिवशी बोलावलं. भिंतींना गाद्या लावल्या. रम्याच्या कानात मोजणीची टिकटिक सोडली. अभिराजला एकट्याला त्या खोलीत उभं करून एकेक ओळ दहादा गाऊन घेतली. (त्यात तो रोज संध्याकाळी येत होता, हा भाग मला नावडता नव्हता.) मग सगळं जोडलं. पुढे पळणारे ड्रम ओढून जागेवर आणले. अभिराजचा सूर सरळ केला. त्याचा दम लागणं, खोकणं, मधेच "अरे यार" म्हणणं, सगळं कापून टाकलं. आठवडाभर मी त्या आवाजाला न्हाऊमाखू घालत होते.

तो ऐकायला आला. हेडफोन लावून, डोळे मिटून बसला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. चारही गाणी संपली तरी तो चेहरा हलला नाही.

"छान आहे," तो म्हणाला.

"छान म्हणजे?"

"खूप छान आहे, सुप्री. पण… कुणाचं आहे हे?"

मला कुणीतरी जिन्यावरून ढकलल्यासारखं झालं. "कुणाचं म्हणजे? तुमचं!"

"आम्ही यात कुठे आहोत? रम्या पुढे पळते तेव्हा मी तिला गाठायला धावतो, ती तर आमची मजा आहे. तू आम्हाला एकमेकांना भेटूच दिलं नाहीस. आणि मग पुसून टाकलंस."

"मी चुका पुसल्या!"

"मी तसाच आहे गं, चुकांसकट. तुला तसा… नको आहे का?"

आता हे गाण्याबद्दल राहिलं नव्हतं. दोघांनाही कळलं होतं. पण माझा आठवडा त्याने एका वाक्यात मातीत घातला होता आणि मी रागाने लाल झाले होते.

"मग जा की त्या बेसूर पोरांची रेकॉर्ड घेऊन!" मी ओरडले.

तो गेला. रेकॉर्ड मात्र घेऊन गेला नाही.

*

तो रविवार आला आणि गेला. दाराची घंटी वाजली नाही. आईने चकल्या काढून ठेवल्या होत्या, त्या तिने डब्यात परत भरल्या.

मी ती झेरॉक्सवाली रेकॉर्ड लावली. खण्ण! हसणं. पुन्हा लावली. त्या मुलाचं हसणं ऐकता ऐकता मला एवढं रडू आलं की सांगता सोय नाही. मी अभिराजचं हसणं कापलं होतं. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी तो हसला होता, माझ्याकडे बघून, आणि मी ते 'अनावश्यक आवाज' म्हणून काढून टाकलं होतं! काय म्हणावं असल्या मुलीला?

शनिवारी आमच्या समाजाच्या हॉलमध्ये भजन असतं. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. शहर कन्नड, नोकऱ्या इंग्रजी, पण शनिवारी सकाळी दहाला चामराजपेटेतल्या सगळ्या बायका टाळ घेऊन हजर. मी कोपऱ्यात तोंड पाडून बसले होते. आणि नेहमीप्रमाणे आई एक मात्रा आधी शिरली.

आमची आई, भाग्यलक्ष्मी, आयुष्यात कधीच वेळेवर शिरलेली नाही. सगळ्यांचा टाळ पडायच्या आधी तिचा पडतो. एवढ्या वर्षांत तिला कुणी थांबवलं नाही, कारण भजन मधे थांबवायचं नाही, हा आमच्या हॉलचा दंडकच आहे. खोकला येवो, शब्द विसरो, दिवे जावोत, पुढे चालायचं. आई आधी शिरली की बाकीच्या हसतात, झपझप तिला गाठतात, आणि मग ते भजन असं काही चढतं की खिडक्यांच्या काचा थरथरतात. एकदा आई तापाने आली नव्हती. सगळं अगदी तालात झालं. घरी जाताना जी ती म्हणत होती, आज काही मजा आली नाही बाई.

मी ताडकन उठून बाहेर आले आणि फोन लावला.

"पुढच्या शनिवारी सकाळी आठ वाजता," मी एका दमात म्हटलं. "आमच्या समाजाच्या हॉलमध्ये. अप्पांकडे किल्ली असते. तिघं एकत्र, एका खोलीत. दोन माईक. प्रत्येक गाणं एकदाच. दहाला भजनाच्या बायका येतात, त्याच्या आत उरकायचं."

पलीकडे गिटार खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "रम्याची फ्लाइट त्याच दिवशी आहे. दहालाच तिला देवनहळ्ळीला, विमानतळावर निघायचंय."

"म्हणजे दुसरी संधी नाही."

"नाही. आणि रेकॉर्ड केल्यावर? नंतर तू काय करणार?"

"काही नाही. खोकलास तर खोकलास. कापायचं नाही. हा नियम."

"सुप्री… रडतेयस का?"

"नाही. सर्दी झालीय."

"ती पण कापू नकोस," तो म्हणाला. आणि मी त्या रस्त्यावर, भाजीवाल्याच्या गाडीशेजारी, नाक ओढत हसत सुटले.

*

त्या सकाळी काहीच वेळेवर झालं नाही. ड्रम घेऊन येणारी गाडी मैसूर रोडवर अडकली. जयतीर्थ उपाशी होता, म्हणून आधी इडली. रम्याच्या दोन मोठ्या सूटकेस हॉलच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळं लागेपर्यंत पावणेदहा वाजले.

"सुप्री, एकदा ट्रायल?" रम्याने विचारलं.

"वेळ नाही. वाजवा!"

मी भिंतीपाशी हेडफोन लावून बसले. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावला आणि हात मांडीखाली दाबून धरले. उगाच कुठल्या बटणाकडे जायला नकोत.

अभिराजने चार आकडे मोजले… आणि देवा रे! ट्रॅफिकवरचं गाणं. घरमालकावरचं गाणं. ओटीपी येत नाही त्यावरचं गाणं. रम्या पळत होती, अभिराज तिला गाठत होता, जयतीर्थ दोघांच्या मधून उड्या मारत होता. दगडी फरशीवरून आवाज उठून छताला लागत होता. एकदा तार तुटली. तो बाकीच्या तारांवर वाजवत राहिला. मी या लोकांना एकेकटं करून गाद्यांमध्ये कोंडलं होतं? मला स्वतःचीच शरम वाटली आणि त्याच वेळी नाचावंसं वाटत होतं.

"शेवटचं," अभिराज धापा टाकत म्हणाला. "हे नवीन आहे. या आठवड्यातलं. यांना पण कालच ऐकवलंय."

मग त्याने माझ्याकडे बघितलं. पहिल्या तालापासून शेवटच्या तालापर्यंत नजर काढली नाही. गाण्यात दोनच ओळी होत्या, त्याच तो पुन्हा पुन्हा ओरडत होता —

पुसू नकोस, पुसू नकोस!
चुकलोय मी, तसाच ठेव!

सव्वा मिनिट. त्याचा आवाज फाटला. चष्मा खाली पडला. रम्याने शेवटचा तडाखा दिला आणि झांजेचा नाद हॉलभर पसरून हळूहळू विरत चालला.

मी मनात म्हटलं, अय्यो देवा, मला हा माणूस फार आवडतो!

म्हणजे… मला वाटलं, मी मनात म्हटलं. पण कानांवर हेडफोन असले की माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज राहत नाही. मी ते ओरडले होते. चांगलं खणखणीत. दगडी फरशीवरून उठून ते छताला लागलं आणि दोन्ही माईकमधून माझ्याच कानांत परत आलं.

खण्ण!

दारात भजनाच्या बायका उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढे आमची आई, नेहमीसारखी वेळेच्या आधी. तिच्या हातातला टाळ फरशीवर पडून गरगरत होता. रम्या ड्रमवर डोकं टेकून खो-खो हसत सुटली.

अभिराज जागचा हलला नाही. चष्म्याशिवाय त्याला मी धड दिसतही नसणार. त्याने फक्त ओठ हलवले. हॉलमध्ये कुणालाच काही ऐकू गेलं नाही. पण माझ्या कानांवर हेडफोन होते, आणि माईक फार हळू आवाजही पकडतो. ते शब्द थेट माझ्या कानात आले, त्याच्या धापेसकट.

मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

"दिवा… अजून चालू आहे," जयतीर्थने लाल दिव्याकडे बोट दाखवलं.

मी घाईघाईने दिवा बंद केला. "शेवटचं — शेवटचं एवढंच जरा कापते हं —"

"कापायचं नाही!" तिघं एकदम ओरडले.

"अरे पण —"

"नियम कुणाचा?" अभिराजने विचारलं. तो हसत होता. पूर्ण चेहऱ्याने.

बाहेर रम्याच्या टॅक्सीचा हॉर्न वाजला. तिने मला मिठी मारली, त्या दोघांना मिठी मारली आणि ड्रमच्या काठ्या तशाच हातात धरून, सूटकेस ओढत पळाली. आईने टाळ उचलला, पदराने पुसला, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी काही ऐकलं नाही बाई. सरका, सतरंजी घालायची आहे."

*

रेकॉर्ड यायला उन्हाळा उजाडला. कव्हर आम्ही अप्पांच्या दुकानात बसून चिकटवलं. साधी झेरॉक्स, वेडीवाकडी अक्षरं. मधल्या दिवसांत आम्ही दोघं कुठे-कुठे फिरलो आणि किती कॉफ्या प्यायलो, ते मी सांगत बसत नाही. घरी मात्र अजून कुणी तोंड उघडलं नव्हतं. तो रविवारी यायचा, अप्पा "बसा" म्हणायचे, तो बसायचा.

त्या रविवारी अप्पांनी चष्मा लावला, खटका स्वतःच पंचेचाळीसवर नेला. पहिली बाजू झाली. दुसरी बाजू लावली. आई चकलीचं ताट घेऊन दारातच थांबली. मी खिडकीबाहेरच्या नारळाकडे बघायला लागले.

शेवटचं गाणं. झांज विरत गेली. आणि आमच्या बैठकीच्या खोलीत माझाच आवाज घुमला, खणखणीत.

अप्पांनी मान वळवली. "ही तर आपली सुप्री!"

खण्ण!

"आणि हा टाळ?"

"माझा," आई म्हणाली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग प्लेअरकडे वाकले. "थांबा. हसण्याच्या मागे आणखी कुणीतरी काहीतरी म्हणतंय." त्यांनी सुई मागे नेली, आवाज पूर्ण मोठा केला, कान लावला. "पुटपुटतोय. सुप्री, स्वल्प साफ करून दे की एवढं."

"साफ करायचं नाही, अप्पा. नियम आहे."

"अस्सं." अप्पा सरळ झाले. त्यांनी अभिराजकडे बघितलं. आजपर्यंत ते त्याला अहो-जाहो करत आले होते. "मग तूच सांग. काय म्हणालास रे?"

अभिराजने पेला खाली ठेवला. शाळेतल्या मुलासारखा उठून उभा राहिला. कान तर विचारूच नका.

"मी म्हणालो, 'सरी… मी पण.'"

अप्पांनी प्लेअरचा आवाज कमी केला.

"झालं?" अप्पा म्हणाले. "एवढंच?"

"एवढंच, काका. सांगायचं ते सांगून झालं."

अप्पांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग सुई उचलली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. आणि आईने ताट खाली ठेवून टाळी वाजवायला सुरुवात केली, एक मात्रा आधी.